आपल्या शरीरातली विकरं: नाशिककर नेहमी विचारतात ते प्रश्न

जीवरसायनशास्त्र शिकवताना वर्गात जेवढे प्रश्न येतात, त्याहून जास्त वर्गाबाहेर येतात. कॉलेज रोडवर क्लासला जाणारी बारावीची मुलं विचारतात, दिंडोरी-निफाडकडचे द्राक्षबागायतदार विचारतात, रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन शेजारचे काका विचारतात. प्रश्न वरवर अगदी वेगळे वाटतात. पण जवळजवळ प्रत्येक उत्तर एकाच ठिकाणी येऊन पोहोचतं: विकराच्या अंगावरची एक छोटीशी खोबण, आणि त्या खोबणीत या घडीला कोण बसलंय. ही खोबण डोळ्यांसमोर आली की ताप, जीवनसत्त्वं, औषधं, विषबाधा, सगळं एका धाग्यात येतं. खालची उत्तरं समजून घेण्यासाठी आहेत. औषध घ्यायचं की थांबवायचं, हे मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

विकर म्हणजे नेमकं काय?

शरीरातल्या रासायनिक क्रियेचा वेग प्रचंड वाढवणारा आणि क्रिया झाल्यावर स्वतः जसाच्या तसा उरणारा रेणू म्हणजे विकर, अर्थात एन्झाइम. तो उरतो, म्हणून तोच रेणू लगेच पुढच्या कामाला लागतो. आपल्या शरीरातली जवळजवळ सगळी विकरं प्रथिनं आहेत. एक ठळक अपवाद लक्षात ठेवा: पेशीत प्रथिनं जिथे तयार होतात त्या रायबोझोममध्ये अमिनो आम्लं जोडण्याचं काम प्रथिन करत नाही, तिथला आरएनए करतो.

विकर हे प्रथिन असतं, हे कळलं कसं?

द्राक्षाच्या रसाची वाइन होते ती यीस्टमुळे, हे नाशिकमध्ये कुणाला सांगायला नको. एकोणिसाव्या शतकात लुई पाश्चर यांचं ठाम मत होतं की किण्वनाला जिवंत पेशी लागतेच. 1897 मध्ये जर्मनीच्या एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटलं, पेशी फोडल्या, दाबून रस काढला आणि त्या रसात साखर घातली. एकही जिवंत पेशी नसताना रसाला बुडबुडे आले. काम पेशीतल्या रसायनांचं आहे हे सिद्ध झालं, आणि 1907 मध्ये बुखनर यांना नोबेल मिळालं.

पण ही रसायनं कोणत्या जातीची, यावर वाद चालूच होता. अमेरिकेच्या जेम्स समनर यांनी 1926 मध्ये घेवड्यासारख्या एका शेंगेच्या बियांतून युरिएज हे विकर स्फटिकरूपात वेगळं काढलं, आणि ते स्फटिक शुद्ध प्रथिनाचे निघाले. त्या काळच्या मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांनी त्यांचं म्हणणं मानलं नाही. पुढे जॉन नॉर्थ्रॉप यांनी जठरात प्रथिनं पचवणाऱ्या पेप्सिनचेही स्फटिक मिळवले, तेव्हा शंका मिटल्या. 1946 च्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता. समनर यांचा डावा हात सतराव्या वर्षीच शिकारीतल्या अपघातात गेला होता. एका हाताने प्रयोगशाळेतलं इतकं किचकट काम वर्षानुवर्षं करणाऱ्या या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

विकराची रचना कशी असते?

20 प्रकारची अमिनो आम्लं एका ठरावीक क्रमाने जोडली जाऊन लांब साखळी होते. ती साखळी पाण्यात मोकळी राहत नाही. स्वतःवरच वळून, दुमडून तिचा एक ठाशीव गोळा होतो. त्या गोळ्याच्या पृष्ठभागावर खोबण किंवा चीर असते, तिला सक्रिय स्थान म्हणतात. ज्या रेणूवर काम करायचं तो सबस्ट्रेट तिथे येऊन बसतो.

एकच उदाहरण जवळून पाहू. लायसोझाइम हे विकर आपल्या अश्रूंत, लाळेत आणि अंड्याच्या पांढऱ्या भागात असतं. ते अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1922 मध्ये शोधलं. काही जिवाणूंच्या भिंतीतली साखरेची साखळी तोडणं हे त्याचं काम. 1965 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स यांच्या गटाने क्ष-किरणांच्या मदतीने अंड्यातल्या लायसोझाइमची त्रिमितीय रचना उलगडली. एखाद्या विकराची संपूर्ण रचना माणसाने पहिल्यांदा पाहिली ती तेव्हा. साखळीत 129 अमिनो आम्लं, मधोमध एक खोल चीर, त्या चिरेत साखरेच्या साखळीच्या सहा कड्या बसतील एवढी जागा. आणि प्रत्यक्ष तोडण्याचं काम मुख्यतः दोनच अमिनो आम्लं करतात: 35 व्या क्रमांकाचं ग्लुटामिक आम्ल आणि 52 व्या क्रमांकाचं अस्पार्टिक आम्ल.

मग उरलेली 127 कशाला, असं मुलं हमखास विचारतात. ती नसती तर 35 आणि 52 एकमेकांसमोर, नेमक्या अंतरावर आलीच नसती. कायमोट्रिप्सिन या पचनाच्या विकरात तर कामाची तीन अमिनो आम्लं 57, 102 आणि 195 या क्रमांकांवर आहेत. साखळीत एकमेकांपासून एवढी दूर, पण साखळी दुमडली की शेजारी-शेजारी. घडी उलगडली की ही मंडळी पांगतात आणि विकर निकामी होतं. साखळी कुठेही तुटलेली नसते, तरीही. तापमान आणि आम्लता यांचा सगळा खेळ याच घडीवर चालतो.

एक विकर एकच काम का करतं?

खोबणीच्या आकारामुळे आणि तिच्यातल्या विद्युतभारामुळे. ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन ही दोन्ही स्वादुपिंडाची विकरं, दोन्ही प्रथिनं तोडणारी, घडीही जवळजवळ सारखी. पण ट्रिप्सिनच्या खोबणीच्या तळाशी ऋणभार असलेलं अमिनो आम्ल बसलंय, त्यामुळे लायसिन किंवा आर्जिनीनसारखी धनभाराची अमिनो आम्लंच तिथे शिरतात. कायमोट्रिप्सिनच्या खोबणीत तो भार नाही, ती ऐसपैस आहे आणि तेलकट स्वभावाची. तिथे फिनाइलअॅलॅनिनसारखी जाडजूड मंडळी बसतात. एमिल फिशर यांनी 1894 मध्ये या नात्याला कुलूप आणि किल्लीची उपमा दिली. डॅनियल कोशलँड यांनी 1958 मध्ये त्यात दुरुस्ती केली: सबस्ट्रेट आत येताना विकरही थोडं वळतं, हलतं आणि त्याला घट्ट धरतं. परीक्षेत दोन्ही नावं लिहा.

विकरं किती वेग वाढवतात?

तांबड्या पेशीतलं कार्बोनिक अॅनहायड्रेज हे विकर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याचं बायकार्बोनेट करतं. त्याचा एक रेणू एका सेकंदात सुमारे 10 लाख रेणू हाताळू शकतो. श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकता येतो तो या वेगामुळे.

दुसरं टोक पाहा. डीएनए आणि आरएनएचे घटक बनवताना लागणारी एक क्रिया ओएमपी डीकार्बोक्सिलेज करतं. विकर नसेल तर त्या पदार्थाचा निम्मा साठा बदलायला सुमारे 7 कोटी 80 लाख वर्षं लागतील, असं मोजमाप रिचर्ड वोल्फेन्डेन यांच्या प्रयोगशाळेतून आलं. विकरासोबत तेच काम सेकंदाच्या छोट्याशा अंशात होतं. मूळ क्रिया शक्य असतेच. ती सुरू व्हायला लागणारी सक्रियण ऊर्जा विकर कमी करतं. क्रियेचा शेवटचा समतोल मात्र विकराने बदलत नाही. इथे बारावीची मुलं नेहमी चुकतात.

मिसळ खाल्ल्यावर पोटात कोणती विकरं कामाला लागतात?

नाशिकमध्ये पचनसंस्था शिकवायला यापेक्षा चांगली थाळी नाही: पाव, मोडाची मटकी, तर्री, वर दही.

पावातल्या स्टार्चवर काम तोंडातच सुरू होतं. लाळेतलं अमायलेज साधारण 6.8 सामूला (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल कडक) सर्वांत चांगलं चालतं. जठरातल्या आम्लात ते थांबतं, आणि उरलेलं काम लहान आतड्यात स्वादुपिंडाचं अमायलेज पुरं करतं. शेवटच्या छोट्या तुकड्यांचं ग्लुकोज करणारी माल्टेजसारखी विकरं आतड्याच्या अस्तरावरच रोवलेली असतात.

मटकीतल्या प्रथिनांना जठरात पेप्सिन गाठतं. त्याला 1.5 ते 2 सामूचं कडक आम्ल लागतं. पुढे ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन. त्यांना मात्र 8 च्या आसपासचा अल्कधर्मी सामू हवा, आणि तो स्वादुपिंडातून येणाऱ्या बायकार्बोनेटमुळे मिळतो.

तर्रीतल्या तेलासाठी स्वादुपिंडाचं लायपेज. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून आधी पित्त त्याचे बारीक थेंब करतं. पित्तात स्वतःचं पचनाचं विकर नसतं, हे लक्षात असू द्या.

दह्यातल्या लॅक्टोजसाठी लॅक्टेज. मोठेपणी बऱ्याच लोकांचं लॅक्टेज कमी होतं, दूध प्यायलं की पोट फुगतं. तरीही त्यांना दही-ताक सहसा चालतं, कारण विरजणातले जिवाणू काही लॅक्टोज आधीच वापरतात आणि स्वतःचं लॅक्टोज तोडणारं विकरही सोबत आणतात.

आणि गॅस? कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या तोडायला अल्फा-गॅलॅक्टोसिडेज लागतं आणि ते माणसाच्या लहान आतड्यात नसतंच. त्या साखरा तशाच मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तिथले जिवाणू त्यांच्यापासून वायू तयार करतात. मटकीला मोड येताना दाण्यातलंच अल्फा-गॅलॅक्टोसिडेज या साखरा वापरून टाकतं. म्हणून चांगले मोड आलेली मटकी नुसत्या भिजवलेल्या मटकीपेक्षा पोटाला हलकी.

कडधान्य शिजवणंही तितकंच गरजेचं. अनेक कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिनच्या खोबणीत बसून ते अडवणारी प्रथिनं असतात. उष्णतेने त्यातली बरीचशी निकामी होतात. भारतीय कडधान्यांतल्या या ट्रिप्सिनरोधकांवर मुंबईच्या विज्ञान संस्थेत कमला सोहोनी यांनी सहकाऱ्यांसह काम केलं. दुर्गाबाई भागवतांच्या या भगिनीने 1939 मध्ये केंब्रिजहून पीएचडी मिळवली. पेशीच्या श्वसनात लागणारं सायटोक्रोम सी हे प्रथिन वनस्पतींच्या पेशीतही असतं हा त्यांचा शोध. आपल्या मुलींना त्यांचं नाव ठाऊक असायलाच हवं.

मांस पचवणारं पेप्सिन जठरालाच का पचवत नाही?

कारण ते तयार होताना बंद अवस्थेत असतं. पेप्सिनोजेन म्हणून बाहेर पडतं, साखळीचा एक तुकडा खोबण झाकून ठेवतो, आणि जठराच्या पोकळीत आम्ल भेटल्यावर तो तुकडा कापला जातो. ट्रिप्सिनोजेनला तर स्वादुपिंडाबाहेर, आतड्यात आल्यावर एन्टेरोकायनेज हे तिथलं विकर उघडतं. शिवाय जठराला श्लेष्माचं जाड अस्तर असतं.

ही व्यवस्था बिघडली की काय होतं हे तीव्र स्वादुपिंडदाहात दिसतं. अति दारू किंवा पित्ताशयातून सुटलेला खडा, ही त्याची दोन मोठी कारणं. ट्रिप्सिन स्वादुपिंडाच्या आतच उघडतं आणि ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. वरच्या पोटातून पाठीत जाणारी असह्य कळ आली तर अॅसिडिटीची गोळी घेऊन रात्र काढू नका, रुग्णालयात जा.

कांदा कापताना डोळ्यांत पाणी येतं, त्यात विकराचा काय संबंध?

लासलगावच्या मातीत वाढलेल्या कांद्याला हा प्रश्न विचारायलाच हवा. अखंड कांद्याला झोंबणारा वास नसतो. गंधकयुक्त पदार्थ पेशीत एका कप्प्यात आणि अॅलिनेज हे विकर दुसऱ्या कप्प्यात असतं. सुरीने पेशी फुटतात, दोघं एकत्र येतात, आणि लगोलग दुसरं एक विकर त्यातून डोळ्यांना झोंबणारा वायू बनवतं. हे दुसरं विकर जपानी संशोधकांनी 2002 मध्ये दाखवून दिलं. उकडलेला कांदा कापताना पाणी येत नाही, कारण विकरांची घडी मोडलेली असते.

आपल्या पेशींतही हीच कप्प्यांची शिस्त आहे. जुने, निकामी भाग तोडणारी विकरं लायसोझोम नावाच्या पिशवीत बंद असतात. तिचा शोध 1950 च्या दशकात ख्रिश्चन द डूव्ह यांनी लावला. आतला सामू 5 च्या आसपास, बाहेर 7 च्या वर. चुकून पिशवी गळाली तरी ती विकरं बाहेर मंदावतात.

घरी काही पाहता येईल का?

नक्की. भाताची पेज गाळून पाण्यासारखी पातळ करा आणि दोन वाट्यांत घ्या. एकीत चमचाभर लाळ घाला. दुसरीत तेवढीच, पण उकळून गार केलेली लाळ. दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि दोन्हींत पाण्यात पातळ केलेल्या बेटाडिनचा एकेक थेंब टाका. उकळलेल्या लाळेची वाटी निळी-जांभळी होईल, कारण स्टार्च तसाच आहे. ताज्या लाळेच्या वाटीत तो गडद रंग येणार नाही, किंवा फिका येईल. आम्लाचा परिणाम पाहायचा असेल तर तिसऱ्या वाटीत लाळेसोबत व्हिनेगर घाला. लिंबू वापरू नका. त्यातलं क जीवनसत्त्व आयोडीनचा रंगच उडवतं आणि निष्कर्ष चुकतो.

तापात विकरं मरतात का?

विकरं जिवंत नसतात, म्हणून मरत नाहीत. घडी मोडते. पण साध्या 38-39 अंशांच्या तापात तसं काही होत नाही.

आपल्या एकाच जिल्ह्यात हिवाळ्यात निफाडचा पारा 5-6 अंशांवर येतो आणि उन्हाळ्यात मालेगाव 42 च्या पुढे जातं. निफाडच्या थंडीत सरडा सुस्त पडतो, कारण त्याच्या विकरांचा वेग हवेबरोबर घसरतो. आपलं शरीर आतून 37 अंश टिकवतं, म्हणून पहाटे बागेत शेकोटी पेटवायला गेलेल्या माणसाचं यकृत, हृदय नेहमीच्याच वेगाने चालतं. खरा धोका उष्माघाताचा. शरीराच्या आतलं तापमान 40 च्या वर जाऊन तिथेच राहिलं, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर पेशींच्या आवरणांपासून प्रथिनांपर्यंत सगळ्यावर ताण येतो. त्याला लगेच सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि रुग्णालयात न्या.

जीवनसत्त्वं आणि खनिजांचा विकरांशी काय संबंध?

पुष्कळ विकरांची खोबण एकट्या प्रथिनाने पुरी होत नाही. तिथे एखादा धातू किंवा छोटा रेणू लागतो. कार्बोनिक अॅनहायड्रेजमध्ये जस्त, कॅटालेजमध्ये लोह. ब गटातली जीवनसत्त्वं शरीरात सहविकरं, म्हणजे विकराला साथ देणारे छोटे रेणू, बनतात: थायमिन, रायबोफ्लेविन, नायसिन, ब6, सगळीच. क जीवनसत्त्व नसेल तर कोलॅजेन मजबूत करणाऱ्या विकरातलं लोह निकामी होतं. स्कर्व्हीत हिरड्यांतून रक्त येतं ते त्यामुळे. ही गरज मिलिग्रॅममध्ये किंवा त्याहूनही कमी असते, कारण सहविकरही पुन्हा पुन्हा वापरलं जातं. कमतरता नसताना जास्त गोळ्या घेतल्याने विकरं जास्त वेगाने धावत नाहीत.

बागेत फवारणी करताना होणारी विषबाधा आणि विकरं, यांचा संबंध सांगाल का?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर सांगतो.

मज्जातंतूने स्नायूला संदेश दिला की असिटिलकोलीन हा रेणू बाहेर पडतो. संदेश पोहोचला की तो लगेच नष्ट व्हायला हवा. हे काम असिटिलकोलिनएस्टरेज करतं, सेकंदाला हजारो रेणू तोडून. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं, उदाहरणार्थ क्लोरपायरिफॉस किंवा डायमेथोएट, याच विकराच्या खोबणीत शिरतात आणि तिथल्या सेरिन या अमिनो आम्लाला चिकटून बसतात. खोबण अडली की असिटिलकोलीन साचत जातं आणि संदेश थांबतच नाही. तोंडाला लाळ, अंगाला दरदरून घाम, उलट्या, जुलाब, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, स्नायूंची थरथर, छातीत स्राव, शेवटी श्वास अडकणं. किडीच्या शरीरात जे घडतं, तेच माणसात.

उपचारात दोन औषधांची कामं वेगळी आहेत. अॅट्रोपिन साचलेल्या असिटिलकोलीनचा परिणाम अडवतं, पण विकर सोडवत नाही. प्रालिडॉक्सिम खोबणीत चिकटलेलं विष ओढून काढू शकतं, पण वेळेत दिलं तरच. काही संयुगांच्या बाबतीत काही तासांतच तो बंध कायमचा होतो. मग शरीराने नवं विकर बनवण्याची वाट पाहण्यावाचून उपाय नसतो, आणि त्याला आठवडे लागतात. म्हणून ‘थोडं गरगरतंय, सकाळी बघू’ असं करू नका.

याच कारणाने थोडंथोडं विषही साठत जातं. आजच्या फवारणीत विकराचा काही भाग अडला, तो भरून यायच्या आत परवा पुन्हा फवारणी झाली, की कसलंही लक्षण न दिसता पातळी खाली येत राहते. एके दिवशी नेहमीएवढ्याच औषधाने माणूस आडवा होतो. घरचे म्हणतात, रोज तर फवारतो, आजच काय झालं? झालेलं असतं ते आधीच्या सगळ्या फवारण्यांचं मिळून. रक्तातल्या कोलिनएस्टरेजची तपासणी करून हे आधी कळू शकतं. सतत फवारणी करणाऱ्या मजुरांची ती व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

हे विष कातडीतूनही आत जातं. ब्लोअर असो वा पाठीवरचा पंप, हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. वारा येतो त्या बाजूला पाठ ठेवा. मध्येच तंबाखू मळू नका. काम झालं की साबणाने अंघोळ करा आणि ते कपडे वेगळे धुवा. डब्यावरचा त्रिकोण पाहा: लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. त्रास झाला तर कपडे उतरवून अंग धुवा, मुद्दाम उलटी काढू नका आणि औषधाचा डबा किंवा लेबल सोबत घेऊन रुग्णालय गाठा. कोणतं विष हे कळलं की डॉक्टरांचा वेळ वाचतो.

मग औषधंही विकरांवरच काम करतात का?

बरीचशी, हो. वेदना आणि सूज आणणारे रेणू बनवण्यात सायक्लोऑक्सिजनेज या विकराचा हात असतो; अॅस्पिरिन त्याच्या खोबणीजवळ कायमचं चिकटतं. ते वेदना कसं कमी करतं हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवलं. रक्ताची गुठळी बनवायला मदत करणाऱ्या प्लेटलेटला केंद्रक नसतं, ती नवं विकर बनवू शकत नाही. म्हणून एकदा अडलेली प्लेटलेट तिच्या उरलेल्या आयुष्यभर, म्हणजे 7 ते 10 दिवसांपर्यंत, अडलेलीच राहते. हृदयरुग्णांना रोज एवढीशी गोळी पुरते ती यामुळे. आणि दात काढायच्या आदल्या रात्री गोळी बंद करण्यात अर्थ नाही, तेही यामुळेच. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती थांबवू नका. कोलेस्टेरॉलसाठीची स्टॅटिन यकृतातल्या एका विकराच्या खोबणीत बसते. अकिरा एंडो यांना तिचा पहिला नमुना 1970 च्या दशकात बुरशीत सापडला.

रिपोर्टमध्ये एसजीपीटी वाढलंय. म्हणजे विकर जास्त झालं का?

जास्त तयार झालं असं नाही, जागा सोडून बाहेर आलं. एसजीपीटी मुख्यतः यकृताच्या पेशींत असतं. पेशी दुखावल्या, फुटल्या की ते रक्तात गळतं. बहुतेक लॅब 40 युनिट प्रति लिटरच्या आसपास वरची मर्यादा धरतात. तुमच्या रिपोर्टवर छापलेली पाहा. एसजीओटी यकृताबरोबरच स्नायू आणि हृदयातही असतं, त्यामुळे जिममध्ये जोरात व्यायाम केल्यावरही वाढतं. अल्कलाइन फॉस्फेटेज हाडांतही असतं. वाढत्या मुलांत ते मोठ्या माणसांपेक्षा जास्त असणं स्वाभाविक आहे, आणि गरोदरपणात वारेमुळे वाढतं. स्वादुपिंडदाहात लायपेज किंवा अमायलेज मर्यादेच्या तिपटीहून वर जातं. आकडा किती हा अर्धा प्रश्न. तो कोणत्या अवयवातून आला हा उरलेला अर्धा.

जन्मतःच एखादं विकर नसलं तर?

कोणतं विकर, त्यावर अवलंबून. टायरोसिनेज नसेल तर त्वचेत-केसांत रंगद्रव्य तयार होत नाही. अन्नातलं फिनाइलअॅलॅनिन हाताळणारं फिनाइलअॅलॅनिन हायड्रॉक्सिलेज नसेल तर ते साचून मेंदूला इजा होते, पण बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर ते वेळेत कळलं आणि आहार बदलला तर मूल चांगलं वाढतं.

आपल्याकडे लक्षात ठेवावी अशी स्थिती म्हणजे जीसिक्सपीडीची कमतरता. हे विकर तांबड्या पेशींना ऑक्सिडेशनच्या माऱ्यापासून वाचवतं. ते कमी असलेला माणूस एरवी ठणठणीत असतो. पण हिवतापासाठीचं प्रायमाक्विन दिलं की पेशी भराभर फुटतात, कावीळ होते, लघवी गडद होते. कपाटातल्या डांबर गोळ्यांमधलं नॅफ्थलीनही हेच करतं. म्हणून बाळाला गुंडाळायची जुनी दुपटी कपाटातून काढली की आधी धुऊन कडक उन्हात वाळवा. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने त्रास मुलग्यांत जास्त दिसतो. एका भावाला निदान झालं असेल तर दुसऱ्याचीही तपासणी करून घ्या आणि प्रत्येक डॉक्टरला ते आधी सांगा.

मेडिकलमध्ये मिळणारं पाचक विकरांचं सिरप रोज घ्यावं का?

निरोगी माणसाला गरज नाही. विकर हे प्रथिन. तोंडावाटे घेतलं की त्याचा बराच भाग जठरातच मोडतो. ज्यांचं स्वादुपिंडच निकामी झालंय त्यांना विकरं औषध म्हणून द्यावीच लागतात, पण ती आम्लात न विरघळणारा लेप असलेल्या कॅप्सूलमधून, जेवणासोबत. कच्च्या पपईतलं पपेन मटण मऊ करतं हे खरं, पण ते पातेल्यात. कच्च्या भाज्यांतली विकरं आपल्या विकरांची जागा घेतात, या म्हणण्याला आधार नाही.

वय वाढलं की पचनाची विकरं कमी होतात का?

लॅक्टेज बऱ्याच जणांचं लहानपणानंतरच कमी होतं. काही वृद्धांत जठराचं अस्तर झिजून आम्ल कमी होतं आणि अन्नातलं ब12 नीट सुटत नाही. स्वादुपिंडाकडे मात्र मोठा साठा असतो; त्याची विकरं साधारण दहा टक्क्यांच्या खाली आल्यावरच तेल-तूप पचेनासं होतं. तेव्हा शौच तेलकट, फिकट आणि फार दुर्गंधी होते, पाण्याने सहज वाहून जात नाही, आणि जेवण नेहमीएवढं असून वजन उतरत जातं. घरातल्या आजी-आजोबांत असं दिसलं तर सिरप आणण्याऐवजी डॉक्टरांकडे न्या; शौचातल्या इलास्टेज या विकराच्या तपासणीवरून स्वादुपिंड किती काम करतंय याचा अंदाज येतो.